रत्नागिरी उणे, ठाणे अधिक

2011 च्या जनगणनेचा जिल्हावार तक्ता वाचताना माझी नजर दर वेळी तीन ओळींवर अडकते. महाराष्ट्रात तेव्हा 35 जिल्हे होते. त्यांतल्या 32 जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांत वाढली आणि तीनच जिल्ह्यांची घटली. रत्नागिरीची 4.82 टक्क्यांनी, सिंधुदुर्गाची 2.21 टक्क्यांनी आणि मुंबई शहराची 7.57 टक्क्यांनी.

पहिले दोन जिल्हे सह्याद्रीच्या उतारावरचे, वाड्यावाड्यांत विखुरलेले. रत्नागिरीत तर शंभरातली 84 माणसं खेड्यात राहणारी. तिसरा जिल्हा म्हणजे देशातल्या सर्वांत दाट वस्तीच्या भागांपैकी एक. वरवर पाहता या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण कोकणातल्या कुठल्याही घरात विचारा. तिथला मुलगा पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी ज्या गिरणगावात जात होता, ते गिरणगाव याच मुंबई शहर जिल्ह्यात येतं. म्हणजे चाकरमान्याच्या प्रवासाची दोन्ही टोकं एकाच दशकात ओसरत होती. जिथून तो निघायचा तिथलीही माणसं कमी झाली आणि जिथे उतरायचा तिथलीही. मग माणसं गेली कुठे?

उत्तर त्याच तक्त्यात आहे. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 81,31,849 होती, ती 2011 मध्ये 1,10,60,148 झाली. दहा वर्षांत 29 लाखांहून अधिक माणसांची भर! रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तरी त्यांची मिळून लोकसंख्या पावणेपंचवीस लाखांच्या आतच भरते. एका दशकात ठाण्यात जी नुसती भर पडली, ती या दोन अख्ख्या जिल्ह्यांपेक्षा मोठी होती. पालघर तेव्हा ठाण्यातच होता (तो 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा झाला) आणि 2011 मध्ये हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला होता. ही सगळी माणसं कोकणातून आली असं मुळीच नाही. त्यांत खानदेश, मराठवाडा, सातारा, उत्तर प्रदेश, बिहार सगळं आहे, मुंबईतून सरकत आलेले आहेत आणि इथेच जन्मलेली पोरंबाळंही आहेत. पण डोंबिवली, कळवा, दिवा, बदलापूर इथल्या इमारतींच्या जिन्यांवरून वर जात दारांवरच्या पाट्या वाचा. गुहागर, संगमेश्वर, राजापूर, कणकवली सगळे तालुके भेटतील.

डोंगरातलं गाव रिकामं होतं म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायचं तर या एका प्रवाहाइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

एक आकडा आधी पाहू. 2011 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात 7,61,121 पुरुष होते आणि 8,53,948 स्त्रिया. हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया. मुलींचा जन्म जास्त होतो म्हणून हे प्रमाण असं आहे, असं कोणाला वाटेल. पण सहा वर्षांखालच्या मुलांचा आकडा बघितला की तो समज गळून पडतो. तिथे हजार मुलग्यांमागे मुली 936 च आहेत. म्हणजे पाळण्यात मुलगे जास्त आणि शेतात बायका जास्त. मधल्या वयातले पुरुष जिल्ह्याबाहेर आहेत. ते कुठे आहेत हे ठाण्याच्या ओळीत दिसतं. तिथे हजार पुरुषांमागे 886 स्त्रिया, आणि पुरुष स्त्रियांपेक्षा 6 लाख 70 हजारांनी जास्त. एका तक्त्यातली खाच दुसऱ्या तक्त्यात उंचवटा होऊन उभी असते. ज्याला माणसांच्या हालचालीचं कुतूहल आहे त्याने ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवून जरूर पाहावीत.

आता खरी गंमत याच आकड्याच्या उतरणीत आहे. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे स्त्रिया 1991 मध्ये 1,205 होत्या, 2001 मध्ये 1,136 आणि 2011 मध्ये 1,122. सिंधुदुर्गात 2001 मध्ये 1,079 आणि 2011 मध्ये 1,036. पुरुष परत येऊ लागले म्हणून हे प्रमाण उतरलं असतं, तर जिल्ह्याची लोकसंख्या वाढायला हवी होती. 2001 ते 2011 मध्ये दोन्ही एकदम उतरलं. याचा अर्थ एकच निघतो. बायकाही निघाल्या. घरंच्या घरं निघाली.

या कोड्याचं कुलूप उघडायला गिरणगावात जावं लागतं. गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हापासून कोकणातला पुरुष मुंबईत एकटा राहत आला. गावच्या मंडळाने भाड्याने घेतलेल्या खोलीत एका गावची वीस-पंचवीस माणसं, पाळीपाळीने झोपणारी. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची. जेवण खानावळीत. पत्र्याची ट्रंक, खुंटीवरचा सदरा आणि कोपऱ्यातल्या मंडळाच्या पेटीत गावच्या देवळासाठी महिन्याची वर्गणी. या खोलीत बायको-मुलांना आणणं शक्यच नव्हतं. त्यामुळे ती गावाला राहिली. तिने तरवा काढला, लावणी केली, सासू-सासऱ्यांचं केलं, मुलांना शाळेत घातलं आणि पोस्टमनची वाट पाहिली. कोकणचा कारभार मनीऑर्डरवर चालतो असं म्हटलं जायचं ते याच व्यवस्थेमुळे. पुरुष मुंबईत, पण संसार गावात. मूल गावात जन्मायचं, गावच्या शाळेच्या पटावर चढायचं आणि मिसरूड फुटलं की मुंबईची गाडी पकडायचं. गाव माणसं पाठवत होतं आणि नवी वाढवतही होतं. शंभर वर्षं मुंबईने कोकणातून माणूस ओढला, तरी गाव भरलेलं राहिलं.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि ती व्यवस्था उसवत गेली. काही जण गावाला परतले, पण बहुतेकांच्या मुलांनी वेगळी वाट धरली. रेल्वेमार्गाने उत्तरेकडे. ठाण्याची वागळे इस्टेट 1962 पासून उभी होती, डोंबिवलीची औद्योगिक वसाहत 1964 पासून. शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहोन्याला एनआरसी. ठाण्यापर्यंत तर देशातली पहिली प्रवासी रेल्वे 16 एप्रिल 1853 लाच आली होती आणि पुढच्या वर्षी कल्याणलाही गाडी पोचली. नोकरी मुंबईत असो वा कारखान्यात, इथे राहून जाता-येता येत होतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे इथे स्वतंत्र खोली परवडत होती. आधी बैठी चाळ, मग वन रूम किचन. दार लावून घेता येईल अशी जागा. तिथे बायकोला आणता आलं, मुलांचं नाव शाळेत घालता आलं, म्हातारीला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आणून ठेवता आलं.

म्हणून माझं ठाम मत आहे की कोकणातली गावं मुंबईने रिकामी केली नाहीत. ती डोंबिवली-कल्याण-ठाण्याने रिकामी केली, आणि तेही संसाराला जागा देऊन. हा आरोप नाही. नवरा-बायकोला वर्षातून पंधरा दिवस भेटायला लावणारी व्यवस्था कोणालाही परत नको असेल. पण गावाच्या गणितात काय बदललं ते यातून स्पष्ट होतं.

लोकसंख्याशास्त्राच्या अंगाने हा बदल फार खोल जातो. रत्नागिरीची लोकसंख्या 2001 ते 2011 मध्ये 81,708 ने घटली. प्रत्यक्षात बाहेर गेलेली माणसं त्याहून कितीतरी जास्त असणार, कारण त्याच दहा वर्षांत जिल्ह्यात मुलं जन्मत होती आणि जन्म मृत्यूंहून जास्त होते. राज्याची लोकसंख्या त्या दशकात 15.99 टक्क्यांनी वाढली. जन्मांची भर पुरती खाऊन वर 81 हजारांची तूट, असा तो आकडा वाचायचा असतो. शिवाय पंचवीस वर्षांची बाई डोंबिवलीला जाते तेव्हा गावातून एक माणूस कमी होतं असं वरवर दिसतं. पण तिची दोन मुलं आता गावात जन्मणार नाहीत, त्या मुलांची मुलंही नाहीत. एकटा पुरुष गेला तर गाव त्याचे हात गमावतं. बाई गेली की गाव पुढची पिढी गमावतं. लोकसंख्या हळूहळू उताराला न लागता एका टप्प्यावर एकदम का कोसळते, त्याचं कारण हे आहे.

शाळेच्या पटावर ते आधी उमटतं. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा चौदा हजारांहून जास्त आहेत आणि 2023 मध्ये शिक्षण विभागाने त्यांच्यासाठी समूह शाळांची कल्पना पुढे आणली. डोंगरावरच्या वाडीत पाच मुलं उरली की शिक्षक टिकवणं अवघड होतं. मग त्या पाचांपैकी दोघांचे आईवडील शाळेसाठी म्हणून तालुक्याला किंवा थेट कल्याणला जातात आणि तीन मुलं उरतात.

माणूस गेल्यावर घराचं काय होतं, हेही जवळून बघण्यासारखं आहे. कोकणातलं जुनं घर जांभ्याच्या किंवा मातीच्या भिंतींचं, वर लाकडी वासे आणि कौलं. हे घर धुरावर जगतं. सकाळ-संध्याकाळ चूल पेटते, धूर माजघरातून वर चढतो, वाशांवर काजळी धरते. तो धूर लाकूड कोरडं ठेवतो आणि वाळवी-किड्यांना सहजासहजी टिकू देत नाही. मे महिन्यात कोणीतरी छपरावर चढून कौलं परतायची, फुटकी बदलायची, जमीन शेणाने सारवायची. चूल विझली की पहिल्या पावसाळ्यात वासे ओल धरतात. माकडांनी किंवा पडलेल्या फांदीने एखादं कौल सरकतं आणि तेवढ्या फटीतून रोज पाणी त्याच एका वाशावर पडतं. वाळवी भिंतीतून वर येते. काही पावसाळ्यांत तो वासा मोडतो, छप्पर त्या जागी खचतं आणि उघडी पडलेली मातीची भिंत पाण्याने विरघळू लागते. राहतं असताना शंभर वर्षं उभं राहिलेलं घर बंद झाल्यावर दहा वर्षंही काढत नाही. रोज केलेल्या साध्या कामांवर एवढं मोठं बांधकाम उभं होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

शेताचंही तसंच. डोंगरउतारावर बांध घालून केलेली भाताची खाचरं, त्याच्या वर वरकस जमिनीत नाचणी-वरी. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरतं, त्यामुळे बांध सगळ्यांनी राखायचा असतो. वरचा मालक कल्याणला गेला आणि त्याचा बांध फुटला की खालच्याची माती वाहून जाते. मग खालचाही लावणी सोडतो. पडीक जमिनीवर आधी गवत, मग करवंदीची जाळी, मग ऐन-किंजळ उभे राहतात. झाडी वाढते याचा आनंद वाटावा, पण त्या झाडीत रानडुक्कर आणि माकडं वस्तीच्या अगदी लगत येतात, काही भागांत गवेही, आणि जो एकटा अजून भात लावतो त्याचंच पीक साफ होतं. पूर्वी वाडीतली पंधरा घरं मिळून राखण करायची, माळ्यावर बसून रात्र काढायची. एका घराला ते झेपत नाही. शेती सुटल्यामुळे जंगल आलं आणि जंगल आल्यामुळे उरलेली शेती सुटते. हे चक्र एकदा फिरू लागलं की बाहेरून कोणी धक्का द्यायची गरज उरत नाही.

‘मग विकून का टाकत नाहीत?’ असं शहरातले लोक विचारतात. त्यासाठी सातबारा उघडून बघावा. आजोबांच्या नावावरची दोन एकर जमीन वारस नोंदी लागत लागत आज वीस-तीस नावांवर आलेली असते. चुलते, आत्या, त्यांची मुलं, त्यांच्याही वारसांची नावं. सगळी सामाईक, पोटहिस्सा पडलेला नाही. त्यांतले चार गावात, दहा ठाणे जिल्ह्यात, काही बडोद्याला, एखादा आखातात. गावातल्या पुतण्याला तिथे काजू लावायचा असेल, बँकेकडून कर्ज हवं असेल, विहीर खोदायची असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतात. डोंबिवलीतल्या काकांची हरकत नसते, पण सही करून मोकळं होण्याची घाईही नसते, कारण तो कागद त्यांच्यासाठी गावाशी उरलेलं नातं असतं. 1949 च्या कायद्याने खोती गेली आणि जमीन कसणाऱ्याच्या नावावर यायची वाट मोकळी झाली. आज नाव तर आहे, पण कसायला कोणी नाही.

निसर्गाने घातलेली अट मी मुद्दाम शेवटी सांगतोय, कारण बहुतेक जण तिच्यापासूनच सुरुवात करतात. इथे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकर येतो. जांभा खडक पाणी धरत नाही, उतार तीव्र, नद्या आखूड. डोंगरमाथ्यावर पडलेला थेंब बघता बघता समुद्राला मिळतो. वर्षाला एकच पीक. हे सगळं खरं, पण हा डोंगर शंभर वर्षांपूर्वीही असाच होता आणि गावं तेव्हा भरलेली होती.

1998 च्या 26 जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा गाव सावरेल अशी मोठी आशा होती. त्यानंतरच्या पहिल्या जनगणना-दशकात लोकसंख्या घटली. रेल्वेमुळे घटली असं मी म्हणणार नाही. पण दिव्याहून सुटणारी सावंतवाडीची गाडी गावाला जाणं जितकं सोपं करते, तितकंच गावाला न राहणंही सोपं करते. एका दिवसात पोचता येतं म्हटल्यावर कायमचं तिथे असण्याची निकड कमी होते.

या सगळ्यात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट रत्नागिरीच्या आंबा बागांत दिसते. मोहोर यायच्या आधीपासून आंबा उतरेपर्यंत बागेची राखण, फवारणी, काढणी करायला माणूस लागतो. गावात तो मिळत नाही. म्हणून दर हंगामात नेपाळमधून माणसं येतात, बागेतल्या झोपडीत राहतात, कित्येक जण कुटुंब घेऊन. ही माणसं नेपाळच्या डोंगराळ जिल्ह्यांतली. आणि नेपाळच्या 2011 आणि 2021 या दोन्ही जनगणनांत तिथल्या अनेक डोंगरी जिल्ह्यांची लोकसंख्या घटलेली आहे. म्हणजे हिमालयाच्या कुशीतली वाडी रिकामी करून आलेला माणूस सह्याद्रीच्या कुशीतली रिकामी वाडी राखतो, आणि त्या वाडीचा मालक डोंबिवलीला सहा-पस्तीसच्या लोकलसाठी रांगेत उभा असतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे केरळमधून आलेल्या शेतकऱ्यांनी रबर आणि अननस लावले. गाव पूर्ण रिकामं क्वचितच राहतं. जाणाऱ्याला परवडेनासं झालेलं काम दुरून आलेल्या कोणालातरी परवडतं.

ही गोष्ट कोकणापुरती नाही. घाटाच्या पलीकडे साताऱ्याच्या जावळी आणि पाटण तालुक्यांतली माणसं माथाडी म्हणून मुंबईच्या बाजारांत आली. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच, आणि माथाडी कायदा आला 1969 मध्ये. त्याच दशकात कोयनेचं धरण भरलं आणि शिवसागर जलाशयाच्या पाण्याने दरीच्या तळातली सुपीक शेतं बुडाली. वर उरला नुसता उतार. माजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचं कोयनेच्या पाण्याकाठचं दरे हे गाव याच खोऱ्यातलं, आणि त्यांचं सगळं सार्वजनिक आयुष्य घडलं ठाण्यात. ठाण्यात भेटणाऱ्या जावळीकरांची ही वाट फार मळलेली आहे.

उत्तराखंडात 2011 च्या जनगणनेत पौडी गढवाल आणि अल्मोडा या दोन डोंगरी जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. तिथे सरकारने 2017 मध्ये पलायनाचा अभ्यास करायला आयोगच नेमला आणि 2011 नंतर 734 गावं निर्जन झाल्याचं त्या आयोगाने नोंदवलं. जपानमध्ये समाजशास्त्रज्ञ आकिरा ओनो यांनी डोंगरातल्या वस्त्या पाहून एक कसोटी मांडली: निम्म्याहून जास्त माणसं 65 च्या पुढची झाली आणि गावाची सामायिक कामं उरकेनाशी झाली की ते गाव काठावर आलं. मला ही कसोटी फार शहाणी वाटते, कारण ती डोकी मोजून थांबत नाही, गावाला मिळून काय करता येतं ते विचारते. कोकणातल्या वाडीला ती लावून बघा. पाखाडीचे ढासळलेले दगड कोण बसवणार? विहिरीतला गाळ कोण काढणार? मयताला खांदा द्यायला चार जण आहेत का? रात्री साप चावलेल्या बाईला डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत कोण नेणार?

आणि इथेच कोकण उत्तराखंडापेक्षा आणि जपानपेक्षा वेगळं निघतं. इथे सामायिक कामं थांबलेली नाहीत, ती तारखांवर गेली आहेत. शिमग्याची पालखी वाडीत कधी फिरवायची, हे ठरवताना शनिवार-रविवार पाहिला जातो. पूजा मे महिन्यात. देवळाचा जीर्णोद्धार करायचा तर बैठक डोंबिवलीत होते, वर्गणीचे हिशेब ठाण्यात लिहिले जातात. गावात घरं उलट नवी होत आहेत: स्लॅबची, रंगवलेली, टाइल्स लावलेली, वर्षातले अकरा महिने कुलूपबंद. आणि भाद्रपदात ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून ग्रुप बुकिंग केलेल्या एसटीच्या रांगा निघतात, रेल्वे जादा गाड्या सोडते, आणि जी वाडी आठ म्हाताऱ्यांची होती तिच्यात चाळीस जणांची पंगत बसते. आरतीला जागा पुरत नाही. 2020 मध्ये टाळेबंदीत हेच लोक बिगरहंगामी परतले, तेव्हा गावागावांतल्या शाळांच्या इमारती विलगीकरणासाठी उघडाव्या लागल्या.

मग या गावाची खरी लोकसंख्या किती? 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली आणि 1 मार्चचा मध्यरात्रीचा क्षण हिशेबाला धरला गेला. त्या सबंध काळात जो घरी नव्हता त्याची मोजणी तो होता तिथे झाली. त्या वर्षीची गणेश चतुर्थी होती 1 सप्टेंबरला, म्हणजे बरोबर सहा महिन्यांनी. शिमगा तर जेमतेम तीन आठवड्यांवर होता. रत्नागिरीची 16,15,069 ही संख्या म्हणजे सण नसलेल्या, लावणी नसलेल्या, परीक्षा तोंडावर आलेल्या दिवसांतलं कोकण. तो आकडा चुकीचा नाही. एका माणसाला दोनदा मोजायचं नसेल तर एक क्षण ठरवावाच लागतो. पण ज्या गावाची लोकसंख्या वर्षात दोनदा कित्येक पटींनी फुगते, त्याचं वर्णन एका आकड्यात मावत नाही. फेब्रुवारीचा काळ आणखी एका डोंगराला लागू पडत नाही, तो म्हणजे ठाणे जिल्ह्याचाच. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांचा पाडा फेब्रुवारीत खरोखरच ओस असतो.

2021 ची जनगणना झालीच नाही. पुढची 1 मार्च 2027 हा क्षण धरून व्हायची आहे. लडाख, हिमाचल, उत्तराखंड आणि जम्मू-काश्मीरच्या बर्फाळ भागांसाठी मात्र 1 ऑक्टोबर 2026 हा क्षण ठरला आहे, कारण मार्चमध्ये तिथे पोचता येत नाही. म्हणजे डोंगरासाठी घड्याळ बदलण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ती बर्फासाठी आहे, सणासाठी नाही.

2011 च्या अर्जात जन्मठिकाण, याआधीचं राहण्याचं ठिकाण आणि तिथून निघण्याचं कारण हे प्रश्न होते, आणि स्थलांतराचा माग काढायचा तर ते लागतातच. डोंबिवलीत जन्मलेल्या, डोंबिवलीतच शिकलेल्या मुलीचं उत्तर सरळ असेल: जन्म इथला, आधीचं ठिकाण नाही. आकडेवारीच्या लेखी ती स्थलांतरित नाहीच. तिचं नाव राजापूरच्या सातबाऱ्यावर असू शकतं, गणपतीत ती तिथल्या ओटीवर रांगोळी काढत असेल, पण कोकणातून गेलेल्यांच्या कुठल्याही तक्त्यात ती सापडणार नाही. पहिली पिढी आकड्यांत दिसते, दुसरी दिसेनाशी होते. कोकणातून किती माणसं गेली हा आकडा म्हणूनच दर दशकाला खऱ्यापेक्षा लहान होत जाणार.

नवे तक्ते आले की बहुतेक जण रत्नागिरीची लोकसंख्या आणखी किती घटली ते आधी बघतील. मी हजार पुरुषांमागे स्त्रियांचा आकडा आधी बघणार आहे. तो 1,122 वरून पुढे हजाराकडे सरकला असेल, तर उरलेली घरंही संसारासकट निघाली आहेत असं धरावं लागेल. तो तिथेच थांबलेला असेल, तर गावात राहायचं ठरवणाऱ्या बायका अजून आहेत. पंचायतीच्या नोंदवहीत, बचत गटांच्या हजेरीत आणि शाळेच्या पटावर त्या कुठल्या गावांत आहेत, हे मग शोधता येईल.